हत्यारांची पारख

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आपण नेहमी दुसऱ्याला टोमणा मारण्यासाठी वापरतो. तिचा उलटा विचार कोणी फारसा करीत नाही. एखादे वेळी अंगण खरोखरच वाकडे असू शकते, आणि मग नाचणाऱ्याचा पाय मुरगळला तर तो दोष त्याच्या कलेचा नसतो. घरच्या घरी स्कूटर किंवा मोटारसायकल उघडायला बसलेल्यांची अवस्था पुष्कळदा अशीच होते. नट गोल होतो, स्क्रूच्या डोक्याचा भुगा होतो, बोटांची साले निघतात, आणि शेवटी 'हे आपले काम नव्हे, आपण आर्ट्सवाले' असे म्हणून गाडी गॅरेजकडे ढकलली जाते. वस्तुतः बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो, हातातल्या पान्याचा असतो. तो पाना दुकानात कसा पारखून घ्यावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात असला विषय पाहून काहीजण नाके मुरडतील. त्यांनी एकदा महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर लावलेल्या दुचाक्यांकडे पाहावे. घोडबंदर रस्त्यावरून किंवा कल्याण-शीळ रस्त्यावरून येणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांचे आणि विद्यार्थिनींचे सारे वेळापत्रक त्या गाडीवर अवलंबून असते. काहीजण संध्याकाळी घरोघर खाद्यपदार्थ किंवा पार्सले पोहोचवण्याचे काम करतात. त्यांची गाडी एक दिवस बंद म्हणजे एक दिवसाची कमाई बंद, आणि त्याच कमाईतून पुढल्या सत्राची फी जायची असते. डोंबिवलीत स्टेशनजवळ दिवसभर उघड्यावर उभी असलेली स्कूटर पावसाळ्याचे चार महिने नुसती भिजत असते. प्लगवर काजळी धरते, साखळी सैल होते, ब्रेकची तार कुरकुरू लागते, बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी चढते. ही कामे शिकायला दोन रविवार पुरतात. मेकॅनिकच्या पोटावर पाय आणावा असा हेतू नाही. त्याच्याकडे न्यावीत अशी मोठी कामे भरपूर उरतात.

आपल्या भाषेत 'हत्यार' हा शब्द लढण्याच्या आणि घडवण्याच्या, दोन्ही साधनांना लावतात, ही गोष्ट मराठीच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. खंडेनवमीला तलवारीबरोबर करवत आणि पानाही पूजेला बसतो. ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात तर ही पूजा कारखान्या-कारखान्यांतून होत आली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत म्हणून ठाण्याची वागळे इस्टेट उभी राहिली. पाठोपाठ डोंबिवलीची वसाहत झाली. त्या काळी या गावांतून फिटर, टर्नर, मशिनिस्ट घरोघरी होते, आणि चांगला पाना कोणता हे शिकायला लेख वाचावा लागत नसे. वडिलांची पिशवी उघडली की पुरे. आता वागळे इस्टेटमध्ये पुष्कळ शेडच्या जागी संगणकाची कार्यालये आली आहेत. ज्ञान हातातून हातात जाण्याची ती वाट अरुंद झाली, म्हणून ते कागदावर आणण्याचा हा खटाटोप.

आता मुद्द्याकडे वळू. हत्यार निवडताना पहिला प्रश्न 'कोणत्या कंपनीचे?' हा नसून 'कोणत्या मापाचे?' हा असतो. चांगल्या कंपनीचा चुकीच्या मापाचा पाना हा वाईट पान्याइतकाच घातक असतो. आणि माप या गोष्टीला आपल्याकडे मोठा इतिहास आहे.

एके काळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढत नसे. १८४१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने सर्वांसाठी एकच प्रमाण सुचवले आणि पुढे ते ब्रिटिश साम्राज्यभर पसरले. ते इंचांचे प्रमाण होते. त्यातला घोटाळा असा की व्हिटवर्थच्या पान्यावर लिहिलेले माप बोल्टाच्या जाडीचे असते, पान्याच्या तोंडाचे नसते. आपल्याकडे मेट्रिक पद्धतीची सुरुवात १९५८ च्या ऑक्टोबरात झाली खरी, पण रस्त्यावरची वाहने सरकारी अधिसूचना वाचून आपले नट बदलीत नाहीत. इंग्रजी घराण्यातली ॲम्बेसेडर आणि अमेरिकन घराण्यातली जीप इंचांवर राहिली. जुन्या बुलेटलाही इंची पाने लागत. इटालियन घराण्यातल्या गाड्या मात्र पहिल्यापासून मेट्रिक. भांडुपला जुळवली जाणारी लँब्रेटा, कुर्ल्याला तयार होणारी फियाट म्हणजे पुढची प्रीमिअर पद्मिनी, आणि आकुर्डीहून येणारी बजाजची स्कूटर ही सारी त्या घराण्यातली. त्यामुळे मुंबई-ठाण्याच्या मिस्तरींच्या पिशवीत १३, १७ आणि १९ हे आकडे घट्ट बसले. (मिस्तरी हा शब्ददेखील आपण पोर्तुगिजांच्या 'मेस्त्रे'वरून घेतला आहे, हे जाता जाता.)

मग १९८५ च्या सुमारास जपानी घराणे आले. हीरो होंडाची सीडी १०० आली, यामाहाची आरएक्स १०० आली आणि १९९४ नंतर स्प्लेंडर तर घराघरात गेली. या गाड्याही मेट्रिकच, पण जपानी प्रमाणात बोल्टाचे डोके थोडे लहान असते. आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाचे डोके युरोपीय रिवाजात १३ चे, तर जपानी रिवाजात १२ चे. दहा मिलिमीटरच्या बोल्टाला तिकडे १७, इकडे १४. बारा मिलिमीटरला तिकडे १९, इकडे १७. घरात वडिलांच्या चेतकच्या काळातला १३ चा पाना असतो, दारात मुलाची स्प्लेंडर असते, आणि १२ च्या डोक्यावर १३ चा पाना 'जरा सैल आहे, पण चालेल' असे म्हणत चढवला जातो. नट गोल होण्याचे आपल्या भागातले सर्वांत मोठे कारण माझ्या मते हेच आहे. चेतकचे उत्पादन २००६ साली थांबले, (आता त्याच नावाची विजेवरची स्कूटर धावते,) आणि पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून गेली. पण त्यांचे पाने अजून माळ्यावर आहेत आणि अजून नट खात आहेत.

इंची पान्याचीही तीच कथा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तेव्हा पाऊण इंची पाना १९ च्या नटावर खुशाल चालतो. यावरून लोक समजतात की सर्वच इंची पाने असे जुळतील. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तो १३ च्या डोक्यावर बसतच नाही आणि १२ च्या डोक्यावर ०.७ मिलिमीटर सैल राहतो. हा फरक नखाएवढा वाटतो, पण नटाचे कोपरे बुजायला तेवढा पुष्कळ होतो.

हे कसे घडते ते एकदा समजून घेतले म्हणजे पुढचे सर्व नियम आपोआप सुचतात. नट षट्कोनी असतो. पान्याचे तोंड बरोबर बसले, तर त्याच्या सपाट बाजू नटाच्या सपाट बाजूंवर दाबतात. सैल बसले, तर पाना आधी थोडा फिरतो आणि मग सारा जोर नटाच्या कोपऱ्याच्या रेघेवर येतो. नटाचे लोखंड पान्यापेक्षा मऊ. कोपरा दबतो, पाना आणखी फिरतो, कोपरा आणखी दबतो. दुसऱ्या खेपेला त्याच नटावर अचूक मापाचा पानाही घसरतो, कारण पकडायला काही उरलेलेच नसते. उघड्या तोंडाचा पाना तर नटाला दोनच बाजूंनी धरतो. रिंग पाना सहाही कोपऱ्यांना वेढतो. म्हणून घट्ट बसलेला नट पहिल्यांदा हलवायचा तो रिंगने. एकदा सैल झाला की उघड्या पान्याने भराभर फिरवावा. एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघडे तोंड, दोन्ही एकाच मापाचे, असा जो जोडपाना मिळतो तो घरच्या कामाला सर्वांत सोयीचा. उघड्या पान्याचे तोंड दांड्याशी सुमारे पंधरा अंश तिरपे असते, हेही उगीच नाही. अडचणीच्या जागी पाना उलटा-सुलटा करीत गेल्यास थोड्या थोड्या फिरकीने नट निघून येतो. काहींना वाटते कारखान्यात वाकडा झाला असावा!

आता पोलादाकडे येऊ. पाना दोन तऱ्हांनी होतो, घडीव आणि ओतीव. घडीव पान्यात तापलेल्या पोलादावर साच्यातून घणाचे घाव बसतात, धातू दाबला जातो. ओतीव पाना बीडासारखा साच्यात ओततात; तो जाड, जड आणि ठिसूळ असतो. घडवल्यानंतर पोलादाला पाणी द्यावे लागते. आपल्या लोहारांचा हा शब्द इतका नेमका आहे की त्याला पर्याय शोधू नये. लाल तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवायचे म्हणजे ते कडक होते, पण काचेसारखे फुटूही शकते. म्हणून पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. ही दुसरी पायरी टाळली तर पाना तुटतो, पहिली टाळली तर त्याचे तोंड फाकते. चांगल्या पान्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' असे कोरलेले असते. त्याचा अर्थ पोलादात सुमारे एक टक्का क्रोमियम आणि त्याहून पुष्कळ कमी व्हॅनेडियम मिसळलेले आहे. वरच्या चकचकीत मुलाम्याशी या क्रोमचा संबंध नाही. मुलामा गंजापासून रक्षण करतो, तेवढेच. मऊ लोखंडावरही तितकाच सुंदर मुलामा चढतो, आणि बाजारात चमक पाहून घेणाऱ्यांची फसगत येथेच होते.

दिलेले पाणी उतरूही शकते. पान्याचे तोंड जरा रुंद करावे म्हणून काहीजण तो एमरीच्या चाकावर धरतात. कडा निळी पडेपर्यंत तापली की तेथले पाणी उतरले असे समजावे. तो पाना मग नुसता पत्रा.

आमच्या इमारतीत वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक काका राहतात. दुकानात जाताना खिशात काय घेऊन जावे, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. ते आपल्या गाडीचे दोन-तीन नवे, न झिजलेले बोल्ट बरोबर नेतात. दुकानदाराने पाने समोर मांडले की कंपनीचे नाव न पाहता आधी बोल्टाचे डोके तोंडात बसवून पाहतात. पाना सहज सरकला पाहिजे, पण डावी-उजवीकडे हलवल्यास खुळखुळता कामा नये. मग तोंड उजेडासमोर धरून पाहावे; त्याच्या दोन्ही आतल्या बाजू एकमेकींना समांतर हव्यात, टोकाशी फाकलेल्या नकोत. त्यानंतर रिंगची भिंत पाहावी. नवख्याला जाड भिंत मजबूत वाटते. खरे म्हणजे चांगल्या पोलादाची भिंत पातळ ठेवणे परवडते, आणि पातळ रिंगच अडचणीच्या जागी शिरते. हलक्या पोलादाला जाडीचा आधार घ्यावा लागतो. कडांवर मुलाम्याचे पापुद्रे सुटले असतील तर तो पाना हातात घेऊ नये. पुढे त्या पापुद्र्याने बोट कापते. माप आणि नाव धातूत उठावाने किंवा खोल ठोकलेले असावे, नुसते छापलेले किंवा चिकटवलेले नसावे. नाव अक्षर अक्षर वाचावे. प्रसिद्ध नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे करून विकला जाणारा माल आपल्याकडे थोडाथोडका नाही.

भारतीय मानकाचा क्रमांक असेल तर तोही पाहावा. उघड्या तोंडाच्या पान्यांसाठी आयएस २०२८ आणि पक्कडीसाठी आयएस ३६५० ही मानके आहेत. क्रमांक कोणीही छापू शकतो हे खरे. पण ज्याला तो छापण्याचीही फिकीर नाही, त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

देशी माल घ्यावा की परदेशी, यावर पुष्कळ वाद होतो. माझे मत असे की घरच्या कामाला चांगला देशी पाना पुरून उरतो. जालंदर आणि लुधियाना ही हातहत्यारांची मोठी केंद्रे आहेत. आपल्या महाराष्ट्रात नाशिकच्या सातपूर वसाहतीत तापडिया कंपनीचा कारखाना आहे. ती १९६९ पासून हत्यारे तयार करते, आणि तिची सुरुवात बाको या स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने झाली. ही बाको म्हणजे ज्या योहान पेटर योहान्सन याने १८९२ साली आजच्या स्क्रू पान्याचे पेटंट घेतले, त्याच्या नावाशी जोडलेली कंपनी. तेव्हा नाशिकची पक्कड हातात घेणारा मनुष्य न कळत एका जुन्या घराण्याशी नाते सांगत असतो. परदेशी महागडा पाना वाईट असे नव्हे, पण जो मेकॅनिक दिवसातून दोनशे नट उघडतो त्याला तो परवडतो. महिन्यातून दोनदा चार नट उघडणाऱ्याने ते पैसे चांगल्या टायरसाठी ठेवावेत.

स्क्रू पान्याचा उल्लेख आलाच आहे, तर त्याविषयी. एकाच पान्यात सर्व मापे हा मोह मोठा आहे. पण त्याचा एक जबडा सरकता असल्याने तो कितीही घट्ट केला तरी थोडा हलतोच. तो घरात असावा, नळाच्या कामाला उपयोगी पडतो. गाडीच्या नटावर नाइलाजानेच लावावा, आणि लावलाच तर जोर स्थिर जबड्यावर येईल अशा दिशेने ओढावा.

डिसमिस, म्हणजेच स्क्रू ड्रायव्हर, याविषयी मात्र जास्त सांगावे लागेल, कारण सर्वांत अधिक दुर्लक्ष याच्याकडे होते. चौफुली स्क्रूला आपण सरसकट 'स्टार' म्हणतो. पण चौफुलीचे प्रकार आहेत. अमेरिकेत १९३० च्या दशकात हेन्री फिलिप्स याने जो प्रकार रूढ केला, त्याची खाच अशी तिरपी आहे की जोर वाढला की डिसमिस वर उसळतो. जपानी गाड्यांच्या कार्ब्युरेटरवर, झाकणांवर जे स्क्रू असतात ते जपानी प्रमाणाचे. दिसायला तसेच, पण खाच किंचित निराळी. त्यात फिलिप्सचे टोक तळापर्यंत बसत नाही, उसळते आणि खाच खरवडून टाकते. पुष्कळदा जपानी स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक टिंब असते, त्यावरून तो ओळखावा. अशा टोकाचा डिसमिस मिळाला तर उत्तमच. न मिळाल्यास दोन नंबरचा चांगला चौफुली डिसमिस घेऊन तो आपल्या गाडीच्या स्क्रूत उभा करून पाहावा. हात सोडल्यावरही तो न लडबडता बसून राहिला पाहिजे. फिरवताना दाब अधिक आणि फिरकी कमी, हे सूत्र ठेवावे. एक नंबर, दोन नंबर आणि तीन नंबर ही टोके निरनिराळ्या खाचांसाठी असतात. घरात एकच डिसमिस आणि त्यानेच भिंतीवरच्या खिळ्यापासून घड्याळापर्यंत सर्व काही, ही आपली जुनी खोड आहे. त्या डिसमिसचा छिन्नी म्हणूनही उपयोग झालेला असतो, आणि रंगाचे डबेही त्यानेच उघडलेले असतात.

पक्कड पाहताना तिच्या खिळ्याची जोडणी पाहावी. मुठी उघडमीट करताना अडखळू नयेत आणि जबडे आडवे हलू नयेत. मिटल्यावर टोके एकमेकांवर नीट बसावीत. पात्याने एक बारीक तार तोडून पाहण्याची परवानगी दुकानदाराकडून मागून घ्यावी. चांगला दुकानदार देतो. पक्कडीने नट फिरवू नये, हे लिहिण्याची गरज नसावी, तरी लिहितो.

मग घ्यावे काय? बाजारात प्लॅस्टिकच्या पेटीत शंभर-सव्वाशे तुकड्यांचा संच मिळतो. तो भेट म्हणून उत्तम दिसतो. त्यातले ऐंशी तुकडे आयुष्यात लागत नाहीत, आणि लागणारे वीस नेमके हलक्या पोलादाचे निघतात. त्यापेक्षा आपल्या गाडीभोवती एकदा वही घेऊन बसावे आणि कोणत्या जागी कोणते डोके आहे ते टिपून काढावे. बहुतेक जपानी घराण्यातल्या दुचाक्यांना ८, १०, १२, १४ आणि १७ एवढे जोडपाने मोठा पल्ला गाठून देतात. मागच्या चाकाच्या आसाचा नट मोठा असतो, तो मोजून त्याचा रिंग पाना वेगळा घ्यावा. प्लग पाना विसरू नये. जुन्या दोन-स्ट्रोक स्कूटरच्या प्लगला २१ चा, तर स्प्लेंडरसारख्या गाडीच्या बारीक प्लगला १६ चा लागतो. आतमध्ये रबर असलेला घेतल्यास प्लग खाली पडून त्याची चिनीमाती फुटत नाही. दोन-तीन डिसमिस, एक पक्कड, ॲलन कीचा छोटा जुडगा, हवेचा दाब मोजण्याचे साधन. यावर पहिले वर्ष निभावते. गोटी पाने आणि रॅचेट पुढल्या वर्षी, दिवाळीत वगैरे. सर्व एकदम घेण्यापेक्षा महिन्याला एक पाना घेतला तर प्रत्येक पाना चांगल्या प्रतीचा घेता येतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे सांगताना बरे वाटते.

गाडीबरोबर जी पिशवी येते तिच्यातले पाने बहुधा पत्र्यातून कापलेले असतात. ते रस्त्यात अडल्यावर वापरण्यासाठी आहेत, दर रविवारी नव्हेत.

खरेदीसाठी स्टेशनाजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातही पुष्कळ मिळते. निवड करून घ्यावयाची असल्यास एक फेरी मशीद बंदरला करावी. तेथून चालत गेले की नागदेवी गल्ली लागते आणि हत्यारांची दुकाने ओळीने सुरू होतात. दुपारी जावे, संध्याकाळी हातगाड्यांतून वाट काढता येत नाही. जुन्या बाजारात आणि भंगाराच्या दुकानांतही कधी कधी सोने हाती लागते, कारण बंद पडलेल्या कारखान्यांची हत्यारे अखेर तेथेच येतात. आपल्या परिसरातही कारखाने थोडे बंद पडले नाहीत. डोंबिवलीजवळ १९९० च्या दशकात प्यूजो ३०९ ही मोटार तयार होऊ लागली होती, तो संसार काही वर्षांतच मोडला. जुना पाना घेताना तोंड फाकलेले नाही ना, दांडा वाकून सरळ केलेला नाही ना, कुठे वेल्डिंगचा डाग नाही ना, हे पाहावे. मागच्या बाजूला हातोडीचे ठोके असतील तर सोडून द्यावा. आणि 'मेड इन इंग्लंड' वाचून हुरळू नये. पोलाद अव्वल असेल, पण तो व्हिटवर्थचा पाना असला तर आपल्या स्प्लेंडरला त्याचा उपयोग शोभेपुरता.

हत्यार चांगले असले तरी जोर किती लावायचा हे कळले पाहिजे. पान्याची लांबी मापागणिक वाढत जाते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. १० चा पाना लहान असतो, कारण त्याने फिरणारा बोल्ट बहुधा सहाच मिलिमीटर जाडीचा असतो. वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला पंधरा किलोंचा जोर लावला, तर नटावर सुमारे तीस न्यूटन-मीटर पीळ पडतो. लहान मोटारसायकलच्या ऑइल काढण्याच्या बोल्टाला साधारण तेवढाच हवा असतो. पान्याला चाळीस सेंटिमीटरचा पाइप जोडून तोच जोर लावला की पीळ दुप्पट होतो, आणि इंजिनाचे ॲल्युमिनियम मऊ असल्याने आटे निघून येतात. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला तर दहा-बारा न्यूटन-मीटरच्या पुढे नेऊच नये. एवढा पीळ लहान पान्यावर मनगटाच्या जोराने येतो, खांदा लावावा लागत नाही. एकदा गेलेले आटे पुन्हा पाडून घ्यायला जो खर्च येतो त्यात दोन उत्तम पाने आले असते. गंजलेल्या नटावर जोर वाढवण्याऐवजी आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल टाकून ठेवावे आणि सकाळी पाना लावण्यापूर्वी हलकेच दोन ठोके द्यावेत.

काही कामांना घरी हात लावू नये. २०२० च्या एप्रिलपासून विकल्या गेलेल्या बीएस-सहा गाड्यांत बहुतेक ठिकाणी इंधन पंपाच्या दाबाने आत फवारले जाते. ती नळी उघडण्याचा प्रयत्न धोक्याचा आहे. ब्रेकचे काम अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवाय करू नये. आणि चारचाकी असेल तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, घोडी लावल्याशिवाय नाही. यात हत्याराची प्रत कितीही चांगली असो, जीव एकच असतो.

राहता राहिली निगा. आपल्याकडे खाडीची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. मुलामा कितीही चांगला असला तरी तोंडाच्या आतल्या बाजूस, जेथे तो झिजतो, तेथे गंज लागतोच. काम झाल्यावर तेलाचा बोळा फिरवून पाने कापडाच्या घड्यांत एकेक वेगळे गुंडाळून ठेवावेत. लोखंडी पेटीत एकमेकांवर आपटून त्यांच्या कडा बोथटतात. पेटीत खडूचे दोन तुकडे टाकले तर ओल थोडी शोषली जाते. कापडाच्या प्रत्येक घडीवर शाईने माप लिहावे, म्हणजे कोणता पाना परत आलेला नाही ते उघडताक्षणी दिसते. इमारतीत हत्यारे आहेत ही बातमी फुटायला वेळ लागत नाही आणि नाही म्हणवत नाही. आमचे काका पाना देताना घेणाऱ्याची एक चप्पल ठेवून घेतात. त्यांचा १० चा पाना अजून हरवलेला नाही.